नेरूरकर घटक

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. नेरूरकर सर अजून आहेत, चांगले ठणठणीत आहेत, रोज सकाळी खाडीकाठी फिरायला येतात. तेव्हा बोलायचं ते आत्ताच बोलून घेते.

भाईंदरच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी त्याच विभागात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी. वर जेसल पार्कात त्यांची बिल्डिंग आणि माझी बिल्डिंग यांच्यामध्ये फक्त एक डेअरी आणि एक मेडिकल. म्हणजे दिवसा हा गृहस्थ माझ्या डोक्यावर आणि संध्याकाळी माझ्या खिडकीसमोर. एकवीस वर्षं काढली मी अशी. तेवढा वेळ नवऱ्याला दिला असता तर त्याची काही तक्रार उरली नसती.

नवीन माणूस भेटला की सर नाव सांगत नसत. "मी सूर्यावर काम करतो," एवढंच म्हणत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत. समोरच्यानं थक्क व्हावं अशी अपेक्षा. जेसल पार्कात राहायला आले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी शहाकाका, त्यांनाही हेच ऐकवलं. शहाकाका साधा माणूस. ते खूश होऊन म्हणाले, "अरे वा सरजी, बहुत अच्छा हुआ. टेरेस पे सोलर हीटर दो महिने से बंद पडा है, जरा देख लो ना." सर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून शहाकाकांना मान देऊन आहे.

सही हिरव्या शाईनं. हिरवी शाई म्हणे राजपत्रित अधिकाऱ्यांची. हे कसले डोंबलाचे राजपत्रित! खासगी कॉलेजातले मास्तर, माझ्यासारखेच. पण रजेच्या अर्जावर हिरवी सही, मुलांच्या जर्नलवर हिरवी सही, आणि एकदा तर कॅन्टीनला पाठवलेल्या 'चार चहा, एक बिनसाखरेचा' या चिठ्ठीवरसुद्धा. कॅन्टीनवाल्यानं ती चिठ्ठी भिंतीला चिकटवून ठेवली होती. भिंतीचा रंग उडाला तेव्हा कुठे ती निघाली.

आणि डबे. दुपारी स्टाफरूममध्ये डबे उघडले की सर स्वतःचा डबा तसाच ठेवून आधी एक फेरी मारत. प्रत्येकाच्या डब्यातला एक घास उचलायचा, डोळे मिटून चावायचा आणि निकाल द्यायचा, "मीठ कमी आहे." मग ती कमी मिठाची भाजी निम्मी संपवायची. एकदा मी मुद्दाम भरली वांगी खारट करून नेली. इतकी खारट की माझ्याच्यानं खाववेनात. सरांनी घास घेतला, डोळे मिटले. "मीठ कमी आहे." आणि चार वांगी फस्त. मेल्याला जीभ होती की नुसती सवय, देव जाणे.

कुणी काही खोलात जाऊन विचारलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तपशिलात कारकून जातात." प्रॅक्टिकलचं वेळापत्रक चुकलं, तपशिलात कारकून जातात. परीक्षेच्या पेपरात प्रश्न दोनदा छापला गेला, तपशिलात कारकून जातात. मग तो तपशील निस्तरायला मी होतेच.

पण खोटं कशाला बोलू, शिकवायचे फक्कड. फळ्यावर कोपऱ्यात सूर्य काढायचे, नुसता अर्धा गोल, आणि तिथून बोलत बोलत फळ्याच्या दुसऱ्या टोकाला जायचे. म्हणायचे, "सूर्यातून चोवीस तास एक वारा सुटलेला असतो. विद्युतभार असलेल्या कणांचा वारा. त्यात इलेक्ट्रॉनांच्या तीन तऱ्हा. पहिले सगळ्यात जास्त, संथ, थंड, तुमच्याआमच्यासारखे. दुसरं एक तापट टोळकं, संख्येनं थोडं, चहूकडे हुंदडणारं. आणि तिसरा एक झोत, चुंबकीय रेषेला धरून नाकासमोर सुसाट निघालेला. आता चला माझ्याबरोबर सूर्यापासून लांब." इथे ते खरंच चालायला लागायचे. "लांब जावं तसा वारा विरळ होतो. संथ लोक आणखी गार होतात. झोत फाकायला लागतो. झोतातून फुटलेले कुठे जातात? त्या तापट टोळक्यात! म्हणून सूर्याजवळ झोत भरघोस आणि टोळकं जवळजवळ नाहीच. लांब गेलं की टोळकं फुगलेलं आणि झोत रोडावलेला." मुलं वह्या मिटून ऐकत बसायची. मीसुद्धा दोनदा दाराशी उभी राहून ऐकलंय.

याच वर्गातून त्यांना सिल्विया मिळाली. उत्तनची. वडिलांची होडी, आई भाईंदरच्या बाजारात मासळी विकणारी. एमएस्सीला कॉलेजात पहिली आली आणि सरांकडे पीएचडीला लागली, कारण आमच्या कॉलेजात गाइड म्हणून दुसरं कुणी नव्हतंच. बारीक चणीची, कमी बोलणारी पोर. एकदा माझ्या टेबलाशी चहा पिताना ती म्हणाली, "मॅडम, मला तो झोत कसा दिसतो सांगू? आमच्या सणाला चर्चमधून मिरवणूक निघते ना, तेव्हा सगळे मेणबत्त्या धरून अगदी ओळीत. बाजारापर्यंत येता येता ओळ फाकते, अर्धे लोक बघ्यांच्या गर्दीत मिसळून जातात. तसंच आहे ते." मला फार आवडलं. पुढच्याच आठवड्यात सरांच्या तासाला मी तेच वाक्य ऐकलं, "मला एकदा उत्तनला मिरवणूक बघताना सुचलं." सर जन्मात उत्तनला गेले नव्हते. त्यांना मासळीचा वास सहन होत नाही.

मी सिल्वियाला विचारलं, "तू बोलली नाहीस?"

"जाऊ दे ना मॅडम. एक उदाहरण तर आहे."

आता मुख्य गोष्ट. वर सांगितलेल्या तीन तऱ्हा जगाला ठाऊक आहेत. सरांनी चौथी शोधली होती. जुन्या यानांनी पाठवलेल्या आकड्यांत त्यांना अगदी मंद, अगदी थंड इलेक्ट्रॉनांचा एक गठ्ठा सापडला होता, आणि सूर्याच्या जवळ जावं तसा तो वाढत होता. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'नेरूरकर घटक'. स्वतःच ठेवलं. लेख छापला कॉलेजच्या वार्षिक संशोधनपत्रिकेत, आणि तिचे संपादक कोण, तर डॉ. नेरूरकर. जेसल पार्कात बागेच्या फाटकावर फ्लेक्स लागला, 'सूर्याचे संशोधक आपल्या जेसल पार्कचे भूषण.' त्यावर स्थानिक पुढाऱ्याचं तोंड सूर्यापेक्षा मोठं होतं. शाल मिळाली, नारळ मिळाला. ती शाल पुढे सबंध हिवाळा आम्ही बघितली. भाईंदरला कसला आलाय हिवाळा, पण शाल होती.

सिल्वियाला काम दिलं ते या घटकावर शिक्कामोर्तब करायचं. सूर्याच्या अगदी जवळ जाणारं नवं यान आकडे पाठवत होतं, ते आकडे इंटरनेटवर कुणालाही मिळत. ते घ्यायचे आणि सरांचा घटक सूर्याजवळ किती वाढतो ते दाखवायचं. आणि तो वाढला की हो! आलेख असा सरसर वर चढला की सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मला दोन दिले. चांगले होते पेढे.

त्यानंतर चारेक महिन्यांनी सिल्विया सरांच्या केबिनमध्ये आली. केबिन कसली, एका खोलीत मधे दोन लोखंडी कपाटं उभी केलेली, अलीकडे सर आणि पलीकडे मी. तिनं कागद पसरल्याचा आवाज मला आला.

तिचं म्हणणं अगदी सोपं होतं. यान उन्हात असतं. प्रकाश पडला की यानाच्या पत्र्यातूनच इलेक्ट्रॉन सुटतात. ते मंद असतात, फार लांब जाऊ शकत नाहीत, यान त्यांना परत ओढून घेतं आणि ते मोजणाऱ्या यंत्रात शिरतात. यंत्राला काय, आला तो मोजला. सूर्याजवळ ऊन जास्त, म्हणून हे घरचे इलेक्ट्रॉनही जास्त. ते वजा करायचे आणि मगच सूर्याचं मोजायचं, हे त्या शास्त्रातलं पहिलं पथ्य. सरांनी आयुष्यभर न गाळलेले आकडे वापरले होते.

"यानावर एक लांब अँटेना आहे, सर," सिल्विया सांगत होती. "वाऱ्यात इलेक्ट्रॉनांची दाटी जेवढी, तेवढा तिच्यात वरचा सूर उमटतो. त्यावरून मी दाटी वेगळी काढून बघितली. तीन तऱ्हांची बेरीज केली की ती बरोबर जुळते. चौथ्याला जागाच उरत नाही."

सर हसले. "सिल्विया, तपशिलात कारकून जातात."

"पण सर, ते सूर्याचे नाहीत."

"मग कुणाचे?"

पोर घाबरली होती. घाबरली की तिच्या तोंडात घरची बोली यायची. "सूर्याचे न्हायत सर. यानाचे हायत. आपलेच हायत."

"आधी मराठी शिक," सर म्हणाले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, ते मला जास्त लागलं. "समुद्रात जाळी टाकणाऱ्यांनी मला सूर्य शिकवायची गरज नाही. सहावं प्रकरण 'नेरूरकर घटक' याच नावाचं असेल. नसेल तर माझी सही नसेल."

मी कपाटाच्या पलीकडे बसून होते. उठून चार शब्द सुनावायला हवे होते. नाही सुनावले. माझ्या प्रमोशनच्या कागदावरही तीच हिरवी सही लागायची होती. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण लाज वाटते म्हणून गाळलं तर मग माझ्यात आणि त्या माणसात फरक काय राहिला?

त्या सहीवर सिल्वियाचं काय काय अडकलं होतं ते मला ठाऊक होतं. तिच्या नोंदणीची शेवटची मुदतवाढ त्या महिनाअखेर संपत होती. बंगळुरूच्या एका संस्थेनं तिला घ्यायचं कबूल केलं होतं, अट एकच, तोवर प्रबंध दाखल झाला पाहिजे. त्या रविवारी ती आईला घेऊन माझ्या घरी आली. आईनं पदराखालून सुक्या बोंबलांची पिशवी काढून ओट्यावर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मॅडम, सही न्हाय झाली तर पोरीची सहा वर्सं पाण्यात," ती म्हणाली.

मी शहाणपण शिकवलं. म्हटलं, "लिहून टाक त्यांच्या मनासारखं आणि सुट इथून. पुढे चूक दुरुस्त करता येईल."

सिल्वियानं बोंबलांची पिशवी हातात तोलून बघितली. मग म्हणाली, "मॅडम, पप्पा मासळी तोलतात तेव्हा आधी रिकामा क्रेट काट्यावर ठेवतात. सगळ्यांसमोर. क्रेटचं वजन मासळीत धरणाऱ्याला आमच्या धक्क्यावर दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. आणि मी क्रेटसकट प्रबंध लिहू?"

आई म्हणाली, "बापावर गेलीय." त्यात तक्रार होती की कौतुक ते मला कळलं नाही.

प्रबंध दाखल करण्याआधी सगळ्यांसमोर एक सेमिनार द्यावा लागतो. तो झाला की त्याच टेबलावर गाइड फॉर्मवर सही करतो. आदल्या आठवड्यात सिल्वियानं सरांच्या हातात प्रबंध दिला. सरांनी अनुक्रमणिका उघडली. सहावं प्रकरण, 'नेरूरकर घटक'. त्यांनी माझ्या बाजूला येऊन मला तो शब्द बोटानं दाखवला, मिटक्या मारल्या आणि प्रबंध ड्रॉवरमध्ये टाकला. आतलं पान उलटलं नाही. तपशिलात कारकून जातात ना!

सेमिनारला पुण्याहून एक बाई तज्ज्ञ म्हणून आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. सर पहिल्या रांगेत, अंगावर ती शाल. सिल्वियानं सूर्यापासून सुरुवात केली, झोत फाकताना दाखवला, टोळकं वाढताना दाखवलं. मग पडद्यावर आलं, नेरूरकर घटक. सरांनी मान वळवून सगळ्या हॉलकडे बघितलं. पुढचं चित्र अँटेनाचं आलं. सिल्वियानं दोन्ही एकावर एक ठेवली आणि सांगितलं, "हा घटक सूर्याचा नाही. हे यानाचं स्वतःचं वजन आहे. आमच्याकडे मासळी तोलताना आधी रिकामा क्रेट तोलतात. इथे तो तोललेला नव्हता."

पुण्याच्या बाई चष्मा काढून सरांकडे वळल्या. "डॉक्टर नेरूरकर, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, आता सापडला. आज ह्या माणसाचं पितळ उघडं पडणार, आणि मी ते पहिल्या रांगेच्या मागून बघणार. सर उठले. शाल नीट केली. आणि म्हणाले, "अर्थात! मीच तर तिच्यापुढे हा सापळा लावला होता. सहा वर्षं वाट बघितली, ही पकडते की नाही. आज मला माझ्या विद्यार्थिनीचा अभिमान वाटतो."

आणि टाळ्या पडल्या! खरंच पडल्या. प्रिन्सिपॉलनी सुरुवात केली, मग सगळ्यांनी. माझं डोकं फिरलं. मी खुर्चीतून अर्धी उठले होते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सिल्वियानं स्टेजवरून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको. टेबलावर फॉर्म होता आणि फॉर्मवर हिरवं पेन. मी खाली बसले.

सरांनी सही केली. सही करता करता म्हणाले, "ऋणनिर्देशात लिही, सहाव्या प्रकरणाची कल्पना मार्गदर्शकांची." तिनं तेही लिहिलं. जिन्यात मला भेटली तेव्हा फॉर्म छातीशी धरला होता.

"मॅडम, सही झाली."

"अगं पण तुझं सगळं घेतलं त्यानं. चूक त्याची, शोध तुझा, आणि शाबासकी पुन्हा त्याला!"

"आलेख बरोबर आहे ना मॅडम?" ती म्हणाली. "मग झालं." आणि तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मनात त्या माणसाचा उद्धार केला.

याला आता तीन वर्षं झाली. सिल्विया बंगळुरूला आहे, नाताळला येते, माझ्याकडे केक घेऊन येते. सर निवृत्त झाले. जेसल पार्कच्या खाडीकाठी सकाळी म्हातारी मंडळी बाकांवर बसतात, त्यांच्यात ते आता सूर्यावर काम करतात.

परवा मी फिरून परत येत होते. बाकावर सर, शेजारी शहाकाका, समोर पाचसहा जण उभे. शहाकाकांच्या हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती आणि सर त्यांना न विचारता तिच्यातले दाणे उचलत होते. "मीठ कमी आहे," म्हणाले आणि आणखी उचलले. खाऱ्या दाण्यांना! मग गोष्ट पुढे सुरू झाली. "तर मी मुलांना सांगायचो, आधी रिकामा क्रेट तोला. उत्तनच्या धक्क्यावर कोळी मंडळींना बघून सुचलं मला ते. तोवर जगात भले भले फसले होते." तेवढ्यात त्यांना मी दिसले. "या, या मॅडम! विचारा यांना. या तेव्हा तिथेच होत्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं प्रमोशन होऊन गेलं होतं. सिल्वियाची डिग्री तिच्या हातात होती. मला थांबवणारं आता कुणी नव्हतं.

"हो, होते," मी म्हटलं. "कपाटाच्या पलीकडे बसले होते. चूक सरांची होती. पकडली त्यांच्या विद्यार्थिनीनं, सिल्वियानं. तेव्हा सर तिला म्हणाले होते, समुद्रात जाळी टाकणाऱ्यांनी मला सूर्य शिकवायची गरज नाही. क्रेटची गोष्ट तिच्या वडिलांची आहे. आणि सर उत्तनला कधी गेलेले नाहीत, त्यांना वास सहन होत नाही."

एक गृहस्थ उगाच मोबाइल बघायला लागले. सरांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. उलट त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा! म्हटलं नव्हतं मी, या तिथेच होत्या म्हणून?"

आणि त्यांनी शेंगदाण्यांसाठी शेजारी हात पुढे केला. शहाकाकांनी पुडीचं तोंड सावकाश दुमडलं, पुडी खिशात घातली आणि उठून मला म्हणाले, "चलो बेन, मैं भी उसी तरफ जा रहा हूं." वळणावर मी मागे वळून बघितलं. समोरचे लोक पांगले होते आणि सरांचा हात अजून बाकावर तसाच पसरलेला होता.